'कमळ'ला टाळ्या किती?

चार वर्षांच्या भाचीबरोबर टाळ्यांचा खेळ चालला होता. शब्द म्हणायचा आणि त्याच्या ठोक्यांवर टाळ्या वाजवायच्या. 'पाणी'ला दोन, 'बाहुली'ला तीन. 'कमळ'ला तिनं दोनच वाजवल्या. "अगं, तीन! क, म, ळ," तिची आई म्हणाली. भाचीनं पुन्हा म्हणून पाहिलं, 'क-मळ'. पुन्हा दोनच.

भाची बरोबर होती. लिहिताना अक्षरं तीन असली तरी बोलताना शेवटच्या 'ळ'मधला 'अ' आपण गिळतो, म्हणून ठोके दोनच पडतात. आईला ऐकू येत होतं ते स्पेलिंग!

वाचनाआधीची ध्वनींची जाण म्हणजे नेमकं हेच. अक्षरओळख वेगळी. हा खेळ दिवे घालवूनही खेळता येतो. यमक ओळखणं, ठोके मोजणं सोपं. शब्दातला एकेक ध्वनी सुटा करणं महाकठीण. मानसशास्त्रज्ञ इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये अमेरिकेतल्या मुलांना शब्द ऐकवून टकटक करायला लावलं. चार वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांना ठोके मोजता आले, सुटे ध्वनी मात्र एकालाही नाही. पहिलीच्या अखेरीला हेच आकडे सुमारे 90 आणि 70 टक्के होते.

इतकं अवघड का? आरशासमोर उभं राहा. 'की' म्हणायच्या तयारीत थांबा, मग 'कू'च्या. आवाज फुटायच्या आधीच 'कू'साठी ओठांचा चंबू झालेला असतो, आणि जीभही टाळूला थोडी मागे टेकते. म्हणजे 'क्' उच्चारतानाच पुढचा स्वर त्यात मिसळलेला असतो. ध्वनी माळेतल्या मण्यांसारखे एकामागून एक येत नाहीत, एकमेकांत कालवलेले असतात. संशोधकांनी ध्वनिफितीवरच्या 'दी'मधून नुसता 'द्' कापून काढायचा प्रयत्न केला. फीत कितीही आखूड केली तरी 'द्'बरोबर थोडा स्वर येतोच, आणि आणखी कापली तर बोलणं संपून नुसती शीळ ऐकू येते. जे फितीवर सुटं नाही, ते पोराच्या कानाला सुटं कसं सापडणार?

म्हणून "'क्' वेगळा म्हणून दाखव" असा हट्ट नको. आपल्यालाही तो 'अ'शिवाय नीट जमत नाही. लांबवता येणारे ध्वनी आधी घ्यावेत: स्स्स्साप, म्म्म्मासा. मग 'सूप, साप, ससा, माकड' यांतलं वेगळं कोणतं, असं विचारावं. रोज पाच-दहा मिनिटं पुरतात. बाळाची बुद्धी वाढते म्हणून विकल्या जाणाऱ्या संगीतावर पैसे घालवू नयेत. युरोपी संगीतकार मोझार्टचं संगीत ऐकून बुद्धी वाढते असा समज ज्यावरून पसरला, तो 1993 चा प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता, बाळांवर नव्हे, आणि परिणाम काही मिनिटांत ओसरला होता.

"कान तयार झाल्याशिवाय अक्षरं नकोत" हेही मला पटत नाही. पोर्तुगालमध्ये 1979 साली निरक्षर प्रौढांना शब्दातला पहिला ध्वनी गाळायला सांगितलं, तर बहुतेकांना जमलं नाही. मोठेपणी लिहायला शिकलेल्यांना मात्र जमलं. सुटे ध्वनी ऐकायला अक्षरंच शिकवतात. इंग्लंडमध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांच्या 1983 च्या अभ्यासातही ध्वनींच्या खेळाला प्लास्टिकच्या अक्षरांची जोड मिळालेली मुलंच वाचनात सर्वांत पुढे गेली.

भाचीसाठी मी पुठ्ठ्याचा 'स' कापलाय. 'कमळ'ला मात्र सध्या दोनच टाळ्या. आईलाही तसं बजावून ठेवलंय.