बॉम्बे हायचे तेल आणि दिवसाचे पाणी

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या घरात गेला. आपल्याकडे तेव्हा आसाम आणि गुजरातच्या विहिरींचाच काय तो आधार होता. समुद्रातला शोध मात्र आधीपासून चालू होता. 1960च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने पाहणी झाली होती आणि समुद्रात विहिरी खोदणारे, जपानहून बांधून आणलेले ‘सागर सम्राट’ हे जहाज दाखल झाले होते. फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, बॉम्बे हाय या क्षेत्रात त्याला तेल लागले, मे 1976 मध्ये उत्पादन सुरूही झाले. अवघ्या सव्वादोन वर्षांत एवढे काम उरकले, त्यामागे भाववाढीचा धसका होताच.

भाववाढीचा दुसरा धक्का 1979 मध्ये इराणमधल्या क्रांतीमुळे बसला. त्यानंतर 1981 मध्ये पर्यायी ऊर्जेसाठी आयोग आणि 1982 मध्ये ‘अपारंपरिक ऊर्जा’ विभाग स्थापन झाला. माझ्या मते या नावातच दुय्यमपणा होता: खरी ऊर्जा वेगळी, ही जोडीला. 1986 मध्ये कोकण किनाऱ्यावर आणि गुजरातमधल्या ओख्याला विजेसाठीच्या सुरुवातीच्या पवनचक्क्या लागल्या. एकेकीची क्षमता 55 किलोवॉट, म्हणजे वारा भरपूर असेल तेव्हा पाच एचपीचे जेमतेम पंधरा पंप चालतील एवढी. त्याच दशकात बॉम्बे हाय दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास तेल देत होते. अशा भरभराटीत त्या चक्क्यांकडे कोण बघणार?

खरी संधी तेव्हाच होती. 1974 पासून देशी कच्च्या तेलावर उपकर बसतो. तो तेल उद्योगाच्या विकासासाठी होता, पण त्यातला मोठा वाटा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत गेला. त्यातून पर्यायांसाठी ठरावीक हिस्सा बाजूला काढला असता, तर वीस वर्षे वाया गेली नसती, असे मला मनापासून वाटते. सौर ऊर्जेचे राष्ट्रीय अभियान यायला 2010 उजाडले. तोवर बॉम्बे हाय म्हातारे होत आले होते. 2024 मध्ये तिथले उत्पादन दिवसाला सुमारे 1 लाख 35 हजार पिंपांवर उतरले आणि देशाच्या गरजेचे 85 टक्क्यांहून जास्त कच्चे तेल बाहेरून येऊ लागले.

2025च्या सुरुवातीला बॉम्बे हाय चालवणाऱ्या ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने एकीकडे याच जुन्या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीची तांत्रिक मदत घेतली आणि दुसरीकडे एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या जोडीने अयाना ही सौर आणि पवन ऊर्जेतली कंपनी विकत घेतली. विहिरीच्या पैशातून पर्याय उभा करायचा, हे शहाणपण आहे. फक्त फार उशिरा सुचलेले.

यात एक गफलत नेहमी होते. सौर प्रकल्पातून वीज मिळते, तर तेल मुख्यतः गाड्यांत जळते. त्यामुळे पॅनेल वाढले म्हणून तेलाची आयात आपोआप घटत नाही. सौर वीज आणि डिझेल यांची थेट गाठ पडते ती शेतात. शेतीपंपांना सौर ऊर्जेवर आणणाऱ्या 2019च्या केंद्राच्या कुसुम योजनेनंतर सौर पंप गावोगाव दिसू लागले. रात्रीच्या लाईटची वाट बघत, बॅटरी हातात धरून, साप-विंचवाच्या भीतीत दारे धरणाऱ्याला दिवसाचे पाणी म्हणजे काय, ते विचारावे. तरी पत्र्याच्या शेडमध्ये जुने डिझेल इंजिन अजून पोत्याखाली झाकून ठेवलेले असते. श्रावणात पावसाने ओढ दिली आणि आभाळ मात्र भरून राहिले, की सौर पंप मंदावतो, पोते बाजूला होते, कॅन घेऊन कोणीतरी पेट्रोल पंपावर जातो आणि हँडल मारले जाते.