गोल बटणांचा कॅल्क्युलेटर आणि बंद पडलेला मिक्सर

२००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्यातल्या कॅल्क्युलेटरची बटणं गोल होती. ही कल्पना अ‍ॅपलची नव्हती. जर्मनीतल्या ब्राउन कंपनीने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात खिशात मावणारे कॅल्क्युलेटर काढले, त्यांच्यावरून ती उचललेली होती. त्या मालिकेतला सर्वांत गाजलेला म्हणजे १९८७चा ईटी ६६. काळी बॉडी, फुगीर गोल बटणं, गणिती चिन्हांची तपकिरी आणि बरोबरचं तेवढं पिवळं. न वाचताही बोट योग्य जागी पडावं, एवढ्यासाठी हे रंग. डीटर राम्स आणि डीट्रिख लुब्स या ब्राउनच्या अभिकल्पकांचं, म्हणजे डिझायनरांचं, हे काम.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या वाण्याच्या गल्ल्यावर जो चौकोनी बटणांचा कॅल्क्युलेटर दिसतो, त्याचं घराणं वेगळं आहे. प्रत्येक वस्तूचं श्रेय राम्सना देण्यात अर्थ नाही. पण त्याच वाण्याच्या खिशातल्या फोनपर्यंत मात्र राम्स पोहोचले आहेत. वस्तू कशी दिसावी, याबद्दलची आजची आपली समजूत बरीचशी त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून घडली. पांढरा किंवा काळा साधा पृष्ठभाग, मोजकी बटणं, नक्षी नाही.

राम्स यांचा जन्म १९३२चा, जर्मनीतल्या वीसबाडेनचा. आजोबा सुतार होते. त्यांच्या हाताखाली लाकूडकाम जवळून पाहिलेला हा मुलगा पुढे वास्तुकला शिकला आणि १९५५मध्ये ब्राउनमध्ये लागला, तोही मुळात अंतर्गत सजावटीच्या कामासाठी. कंपनीचे संस्थापक माक्स ब्राउन १९५१मध्ये वारले होते आणि आर्टुर व एर्विन ही त्यांची मुलं कारभार पाहत होती. त्या काळचे रेडिओ म्हणजे चकचकीत लाकडाची, सोनेरी पट्ट्यांची कपाटंच. दोघा भावांना ते बदलायचे होते आणि त्यासाठी त्यांनी उल्म गावच्या अभिकल्प विद्यालयाची मदत घेतली.

या उल्मवर थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे येणारा खरा रस्ता तिथूनच फुटतो. सोफी आणि हान्स शोल या भावंडांना नाझींनी १९४३मध्ये ठार केलं. त्यांची बहीण इंगे शोल, ओट्ल आयशर आणि माक्स बिल यांनी १९५३मध्ये हे विद्यालय सुरू केलं. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात रोजच्या वापराच्या वस्तू विचारपूर्वक करणं हे लोकशाहीचंच काम आहे, अशी त्यांची धारणा होती. तिथले शिक्षक हान्स गुगेलोट यांनी राम्सबरोबर १९५६मध्ये एसके ४ हा रेडिओ-ग्रामोफोन केला. त्याचं झाकण आधी पत्र्याचं ठरलं होतं, पण आवाज वाढवला की ते थरथरायचं. म्हणून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं केलं. लोकांनी त्याला ‘स्नोव्हाइटची शवपेटी’ असं नाव ठेवलं. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या रेकॉर्ड प्लेअरना तसंच झाकण येत राहिलं.

१९६१मध्ये राम्स ब्राउनच्या अभिकल्प विभागाचे प्रमुख झाले आणि १९९५पर्यंत राहिले. आज त्यांच्या नावावर खपणाऱ्या कित्येक वस्तू खरं तर विभागातल्या इतरांच्या आहेत. १९५७चं स्वयंपाकघरातलं प्रसिद्ध यंत्र केएम ३ हे गेर्ड आल्फ्रेड म्युलर यांचं. ही नावं मागे पडू नयेत असं मला मनापासून वाटतं, कारण ब्राउनची शिस्त ही एका माणसाची कधीच नव्हती.

आता मिक्सर. १९६०च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे अभियंते सीमेन्समध्ये नोकरीला होते. ठाणे-बेलापूर रस्त्याने कळवा-ऐरोलीकडे जाताना ज्या कंपनीची पाटी आपण वर्षानुवर्षं पाहत आलो, तीच. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशातून आणलेला ब्राउनचा मिक्सर बंद पडला आणि त्याच्या दुरुस्तीची इथे सोय नव्हती. तेव्हा माथुरांनी आपल्या स्वयंपाकघराला झेपेल असा मिक्सर स्वतःच करायला घेतला. त्यातून ‘सुमीत’ उभा राहिला आणि घरोघरी पाटा-वरवंटा भिंतीला टेकला.

ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते, मला ती फार महत्त्वाची वाटते. युरोपातलं यंत्र कणीक, अंडी, फळं यांसाठी केलेलं. त्यात सुक्या मिरच्या, हळकुंड, भिजवलेले उडीद नाहीतर ओल्या खोबऱ्याचं वाटण घातलं की मोटरवरचा भार वाढतो, वाइंडिंग तापतं आणि शेवटी जळतं. रूप कितीही नेटकं असलं तरी ज्या हातांसाठी वस्तू केली ते हात बदलले की तिचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. राम्स ज्याला उपयुक्तता म्हणत, तिची परीक्षा मुंबईतल्या एका ओट्यावर झाली आणि उत्तर इथल्याच माणसाने काढलं.

साधं दिसणारं यंत्र करायला सोपं असेल, हाही एक गैरसमज. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथे प्लास्टिकचं जॉबवर्क करणाऱ्या कुणालाही विचारा. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर प्रत्येक खोट दिसते. मागच्या बाजूला जाड फासळी असेल तर पुढे खळगा पडतो, मोल्डचे दोन भाग नीट जुळले नाहीत तर सांध्याची रेघ उमटते. खडबडीत पोत, चंदेरी पट्टी किंवा फुलाफुलांचा स्टिकर या गोष्टी पुष्कळदा ती खोट झाकायला येतात. ब्राउनच्या साधेपणामागे महागडा मोल्ड आणि कडक तपासणी होती.

उल्मचं विद्यालय १९६८मध्ये बंद पडलं. पुढच्याच वर्षी, १९६९मध्ये, ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर पवईला, आयआयटी मुंबईत औद्योगिक अभिकल्प केंद्र म्हणजे आयडीसी सुरू झालं. ते उभारण्यात पुढाकार होता सुधाकर नाडकर्णी यांचा. ते जे. जे.मध्ये आणि नंतर उल्ममध्ये शिकलेले. मुंबई-ठाण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणाऱ्या आरेच्या दूधकेंद्राच्या रचनेशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. म्हणजे राम्स यांच्या हाताला ज्या विचाराने वळण दिलं, तोच विचार त्यांच्याशिवाय, स्वतंत्रपणे, आपल्या शेजारी येऊन शिकवला जाऊ लागला.

त्याचं सर्वांत ठळक फळ ठाणे-नवी मुंबईतल्या प्रत्येक मतदाराने दाबलेलं आहे. भारताच्या मतदान यंत्राची औद्योगिक रचना आयडीसीचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी केली. एका ओळीत नाव, चिन्ह आणि निळं बटण. दाबलं की त्याच ओळीत लाल दिवा आणि मग आवाज. अक्षरओळख नसलेली आजी आणि पहिल्यांदा मत देणारा नातू दोघांनाही ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. वस्तूने स्वतःच स्वतःची ओळख करून द्यावी, हे राम्स यांनी चांगल्या अभिकल्पाची जी दहा तत्त्वं मांडली त्यांपैकी एक. ते आयफोनपेक्षा या यंत्रात अधिक पूर्णपणे उतरलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

ती दहा तत्त्वं राम्स यांनी १९७०च्या दशकापासून पुढे मांडत नेली. आपल्या भोवतीचा रूपांचा, रंगांचा, आवाजांचा गोंधळ पाहून त्यांनी स्वतःला विचारलं होतं, माझं काम तरी चांगलं आहे का? १९७६मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात त्यांनी नैसर्गिक संपत्ती आटत चालल्याचा इशारा दिला आणि तिची उधळपट्टी करणाऱ्या उत्पादनाबद्दल अभिकल्पकांनाही जबाबदार धरलं. वस्तू टिकाऊ असावी, हे त्या दहांतलंच एक. त्याचा पुरावाही त्यांच्याकडे होता. १९६०मध्ये व्हिट्सो कंपनीसाठी केलेली ६०६ ही भिंतीवरची मांडणी आजही विकली जाते. जुन्या मांडणीला नव्या फळ्या बसतात, घर बदललं तर ती उतरवून सोबत नेता येते.

आपल्या घरात त्यांचं रूप आलं, टिकाऊपणाचा हा भाग मागे राहिला. ज्या फोनने कॅल्क्युलेटरची गोल बटणं घेतली, त्याची बॅटरी मात्र हाताने काढता येत नाही. मिक्सरचं तसं नाही. कपलर झिजला, कार्बन ब्रश संपले तर जांभळी नाक्याच्या आसपास कुणीतरी ते बदलून देतो आणि यंत्र आणखी काही वर्षं चालतं. हा कारागीर राम्स यांच्या विचाराचा आयफोनइतकाच, किंबहुना जास्त, वारसदार आहे. त्याला सुटे भाग आणि यंत्र उघडण्याची मुभा मिळत राहिली पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२मध्ये समिती नेमली. तिने सुरुवातीला निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारं आणि वाहनांबरोबर मोबाइल-टॅब्लेट आणि घरगुती उपकरणंही आहेत.