हळदीनं माखलेला पीसी आणि एसएमपीएसच्या वायरी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सीझन चालू असताना कुठल्याही अडत दुकानातला कॉम्प्युटर उघडून बघा, आत सगळं पिवळं दिसणार. मागच्या सीझनला ओळखीतल्या एका आण्णांचा पीसी बंद पडला म्हणून गेलो, साइड पॅनल काढलं तर मदरबोर्डवर, पंख्याच्या पात्यांवर, वायरींच्या गुंत्यावर हळदीची साय धरलेली, आणि खालच्या एसएमपीएसची (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणाऱ्या डब्याची) जाळी तर पार बुजलेली. आण्णा म्हणाले, "दर दोन वर्षांनी हे जळतंय बघा, आता कंपनीच बदलूया का?"

मी म्हटलं आण्णा थांबा जरा, आधी हा बसवलाय कसा ते बघूया. कॅबिनेट थेट फरशीवर, एसएमपीएस खाली, त्याचा पंखा फरशीकडं तोंड करून, फिल्टर कुठं नाहीच, म्हणजे झाडू मारला की उडणारी सगळी धूळ पहिली त्याच्याच पोटात. वरनं जास्तीच्या वायरींचा गठ्ठा पुढच्या पंख्यासमोर कोंबलेला, म्हणजे समोरनं येणारी हवापण अडली. आणि प्रोसेसरला जाणारा चार पिनचा प्लग अर्धवटच बसलेला, एका कोपऱ्यात पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं. तो प्लग मी आण्णांच्या हातात दिला.

आता हे का होतं ते नीट बघूया. आपल्या भिंतीतला करंट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. एसएमपीएस आधी त्याला डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा, करतो, चांगल्या एसएमपीएसमध्ये ते साधारण ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत चढवलं जातं, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधनं खाली आणलं जातं. हे चालू-बंद इतक्या वेगात होतं म्हणून ट्रान्सफॉर्मर छोटा चालतो, नाहीतर ५० हर्ट्झवर तेवढंच काम करायला लोखंडाचा जड ठोकळा लागला असता. बाहेर येतं १२ व्होल्ट पिवळ्या वायरीत, ५ व्होल्ट लाल, ३.३ व्होल्ट नारिंगी, आणि काळी म्हणजे ग्राउंड. (हल्ली बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथं रंगावर जाऊ नका.)

इथं खरी गोम आहे. वॅट तेवढेच ठेवून व्होल्ट कमी केले की अँपिअर वाढतात. २४० वॅट २३० व्होल्टवर म्हणजे जेमतेम १ अँपिअर, पण तेच १२ व्होल्टवर २० अँपिअर! आणि वायर तापते ती अँपिअरच्या वर्गानं, म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. विहिरीवरच्या मोटरीला लांबच्या खांबावरनं बारीक वायर ओढली की काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला लागत नाही, वायर तापते, मोटरीला व्होल्टेज पोचत नाही. कॅबिनेटच्या आत फक्त अंतर अर्ध्या मीटरचं असतं, गणित तेच.

वायर स्वतः सहसा दगा देत नाही, दगा देतो जोड. आण्णांच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या दोन पिना असतात, त्यातली एक धड टेकलीच नव्हती, म्हणजे सगळा भार दुसरीवर. समजा ५ अँपिअर जातायत आणि त्या ढिल्या जोडाचा रोध ०.१ ओहम आहे, तर तिथं ५ गुणिले ५ गुणिले ०.१ म्हणजे अडीच वॅट उष्णता. अडीच वॅट म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण ती तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनेत कोंडलीय, वर प्लास्टिक. पिन तापली की तिची पकड सैल होते, पकड सैल झाली की रोध वाढतो, रोध वाढला की अजून तापते. म्हणून प्लग बसवताना क्लिपचा ‘टक’ आवाज ऐकू येईपर्यंत दाबायचं, मग हलकं मागं ओढून बघायचं. मोठ्या ग्राफिक्स कार्डांच्या १६ पिनी प्लगचंही हेच, तो ६०० वॅटपर्यंतचा आहे आणि २०२२ मध्ये जे प्लग वितळले त्यातल्या बऱ्याच ठिकाणी प्लग पूर्ण आत गेलेला नव्हता.

मग दर दोन वर्षांनी एसएमपीएसच का जायचा? कारण एसएमपीएसला बाहेर ठरलेले वॅट द्यायचेच असतात, व्होल्टेज पडलं तर तो जास्त करंट ओढतो, आपल्या मोटरीसारखाच. २०० वॅटला २३० व्होल्टवर ०.८७ अँपिअर पुरतात, व्होल्टेज १७० वर आलं की जवळजवळ १.२ लागतात, म्हणजे आतलं सगळं जास्त तापणार. त्यात जाळी हळदीनं बंद. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या, उष्णतेला फार हळवे, साधा हिशोब असा की तापमान १० अंश वाढलं की आयुष्य निम्मं. आण्णांच्या दुकानात कपॅसिटर भाजत होते, कंपनी बदलून काय होणार!

मग नवीन बसवला. एटीएक्स मापाचा, म्हणजे नेहमीच्या पीसीतला, एसएमपीएस १५० मिलीमीटर रुंद आणि ८६ उंच, खोली १४० पासून पुढं कितीही, म्हणून आणण्याआधी हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतची जागा मोजून घ्या, आणि वायरींना वळायला तळहाताएवढी जागा वेगळी धरा. मागं मोठ्या आट्यांचे चार स्क्रू, चारही आधी सैल लावायचे मग आवळायचे. कॅबिनेटच्या तळाला जाळी आणि फिल्टर असेल तर पंखा खाली, नसेल तर सरळ वर. आण्णांकडं फिल्टर नव्हता म्हणून पंखा वर केला आणि कॅबिनेट एका जुन्या लाकडी पाटावर ठेवलं. प्रोसेसरची वायर सगळ्यात आधी ओढायची, मदरबोर्डच्या मागनं वरच्या कोपऱ्यापर्यंत, कारण नंतर तिथं बोटं जात नाहीत. मग मदरबोर्डला जाणारी २४ पिनची, ती जाड आणि हट्टी असते, कनेक्टरच्या तोंडाशी एकदम मोडल्यासारखी वाकवू नका, थोडी सरळ जाऊ द्या मग वळवा. राहिलेल्या वायरी मागच्या पॅनलच्या पोकळीत टायनं बांधल्या. काचेतनं छान दिसतं म्हणून लोक हे करतात, मला त्यातली मोकळी हवा महत्त्वाची वाटते.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो, कारण ती मला महागात पडलीय. मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी दोन्ही बाजूंनी सुटतात, आणि एसएमपीएसकडच्या बाजूला कुठली पिन कशाची याचा काही ठरलेला नियम नाही, प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचंही वेगळं. मी चुलतभावाच्या पीसीत एसएमपीएस बदलला आणि हार्डडिस्कला वीज देणारी जुनी सॅटा वायर तशीच ठेवली, नव्यात चपखल बसली की! बटण दाबलं, ५ व्होल्टच्या जागी १२ गेले, जळका वास आला आणि हार्डडिस्क गेली. त्यात त्याच्या मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते. तो मला एक शब्द बोलला नाही, पण मी ते विसरलो नाही. एसएमपीएस बदलला की सगळ्या वायरी बदला, सगळ्या. आणि जुना एसएमपीएस बिघडला म्हणून त्याचा डबा उघडायला जाऊ नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याएवढं व्होल्टेज राहू शकतं.

सगळं जोडून पीसी चालू केला, आण्णांनी कॅबिनेटच्या मागं हात लावला आणि झटकन मागं घेतला. "अहो, झिणझिण्या येतायत!" हे पूर्वीपण व्हायचं म्हणाले, सवय झाली होती. एसएमपीएसमध्ये शिरताना दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजवरनं बॉडीला, एक न्यूट्रलवरनं बॉडीला, ते विजेतल्या नको असलेल्या लहरी अर्थिंगमध्ये सोडून देतात. अर्थिंगच नसेल तर बॉडी त्या दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे जवळपास ११५ व्होल्टवर. करंट अगदी किरकोळ असतो, पण उद्या आत एखादी फेज वायर सुटून पत्र्याला चिकटली तर मात्र वाचवायला काही नाही. भिंतीवरचा बोर्ड उघडून बघितला तर तिसऱ्या भोकात वायरच नव्हती, नुसतं भोक. आण्णांनी त्याच दिवशी वायरमनला बोलावलं, दुकानामागं खड्डा घेऊन नवीन अर्थिंग केलं, आणि दुसऱ्या दिवशी मी पत्र्याला टेस्टर लावला तेव्हा त्यातला दिवा लागला नाही.