फुटाण्याला शिंगं फुटली

वेताळ टेकडीवर सकाळी साडेसहाला एक आजोबा भेटतात. हातात काठी, डोक्याला माकडटोपी, मे महिन्यातसुद्धा. मध्यंतरी त्यांनी आमच्या फुटाण्याकडे बघून नुसतं "बस रे" म्हटलं आणि तो बसला. शेपटीने माती झाडत, अगदी शहाण्या बाळासारखा. त्याआधी दहा मिनिटं मी तोच शब्द घसा कोरडा पडेपर्यंत म्हणत होतो आणि हा माझ्याकडे पाठ करून घाणेरीच्या झुडपात नाक खुपसून उभा होता. आजोबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पुणेकरांना समजावून सांगायला नको.

फुटाणा गावठी कुत्रा, तेव्हा आठ महिन्यांचा. पाचव्या महिन्यात 'बस', 'थांब', 'ये' हे तिन्ही शब्द तो बिनबोभाट पाळायचा. मग पंधरा दिवसांत सगळं पुसल्यासारखं झालं. आईचं मत पडलं, लाडावून ठेवलाय. शेजारचे काका म्हणाले, दोन फटके द्या. मला वाटलं, विसरला. तिघंही चुकत होतो.

विसरला असता तर आजोबांच्या शब्दावर कसा बसला? नेमका हाच प्रश्न इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला होता. अंध व्यक्तींना वाट दाखवण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांपैकी 69 जणांना, म्हणजे लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरांना, त्यांनी पाचव्या आणि आठव्या महिन्यात 'बस' असा हुकूम देऊन पाहिला. एकदा सांभाळणाऱ्या माणसाने दिला, एकदा अनोळखी माणसाने. आठव्या महिन्यात कुत्रे सांभाळणाऱ्याचं ऐकेनासे झाले होते, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होते. मोठ्या गटाची प्रश्नावलीही भरून घेतली, तीत पालकांना कुत्रा आठव्या महिन्यात 'शिकवायला अवघड' वाटला. प्रशिक्षकांना तसं वाटलं नाही. हे संशोधन 2020 साली 'बायॉलॉजी लेटर्स'मध्ये आलं. म्हणजे शब्द डोक्यात शाबूत असतो, बंड फक्त घरच्या माणसाशी असतं. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आईला "काय कटकट आहे" म्हणतो आणि शेजारच्या काकूंची पिशवी तिसऱ्या मजल्यावर नेऊन देतो, त्यातलाच प्रकार.

सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास बहुतेक कुत्रे वयात येतात. थोराड जातींमध्ये उशीर होतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. माणूस नजरेआड होताच जे कासावीस व्हायचे, त्यांच्यात हा अडेलपणा जास्त होता. अशा माद्या लवकर वयातही येत होत्या. तेव्हा या वयात ओरडून, दूर लोटून आगीत तेलच पडतं. बाराव्या महिन्यापर्यंत पालकांनी प्रश्नावलीत दिलेले गुण पुन्हा वर आले. अनेक कुत्र्यांना घरातून हाकलतात ते नेमकं त्याआधी, याचं फार वाईट वाटतं.

आता 'ये'चं सांगतो, कारण तिथे चूक माझी होती. टेकडीवर मी फुटाण्याला कधी हाक मारायचो? घरी निघताना. ये म्हटलं, आला, पट्टा अडकवला, मजा संपली. महिनाभर रोज हेच. त्याच्या लेखी 'ये' या शब्दाचा अर्थ 'शाळा भरली' असा झाला होता. प्राणी शिकतो तो आपल्या हेतूवरून नाही, कृतीमागोमाग काय घडलं त्यावरून. मग मी दहा मीटरची दोरी आणली (मोकळं सोडायचं नाहीच, तिथे मोर आहेत) आणि एका फेरीत आठ-दहा वेळा हाक मारू लागलो. आला की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, आणि लगेच "जा, हुंग". आठांपैकी सात वेळा येण्याचं बक्षीस म्हणजे पुन्हा मोकळीक. चिकनपेक्षा त्याला तीच जास्त आवडते, असा माझा संशय आहे.

पाहुण्यांच्या अंगावर उडी मारण्याचंही तसंच. आपण त्याला ढकलतो, "अरे अरे" करतो. त्याच्या दृष्टीने हा खेळच. पाठ फिरवून उभं राहिलं, तर पहिले काही दिवस उड्या वाढतात. एरवी चालणारं बटण चालेना झालं की आपणही ते चारदा जोराने दाबतो, तसं. इथेच बहुतेक घरं हार मानतात. आमच्याकडे एक मावशी "असू दे गं, बिचारा" म्हणत दर चौथ्या उडीला पोळीचा तुकडा द्यायची. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं, हे तिला कोण सांगणार?

"दमवा हो त्याला," हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. मी दमवलं. रोज सकाळी तासभर पळवलं. महिन्याभरात घरात जास्त दमाचा कुत्रा तयार झाला आणि दमलेला मी. शिवाय या वयात हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात. लहान जातींत त्या वर्षभराच्या आत भरून हाड होतात, थोराड जातींत दीड वर्षही लागतं. तोवर डांबरी रस्त्यावर सक्तीने पळवणं सांध्यांना धार्जिणं नाही. त्यापेक्षा नाकाला काम द्यावं. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाणं लपवलं की वीस मिनिटं घरात शांतता असते. टेकडीवरही तो एकाच दगडाशी पाच मिनिटं हुंगत राहिला, तर आता मी दोरी ओढत नाही.

शिकवणीही थोडकीच बरी. 2011 च्या एका डॅनिश अभ्यासात 44 बीगल कुत्र्यांना टोपलीत जाऊन बसायला शिकवलं. आठवड्यातून एक-दोनदाच शिकवलेल्यांना रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी धड्यांत ते जमलं. झोपेचाही यात हात असतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी हंगेरियन हुकूम येणाऱ्या कुत्र्यांना तेच हुकूम इंग्रजीत शिकवले आणि झोपेतल्या मेंदूच्या लहरी मोजल्या. शिकलेल्या दिवशीची झोप वेगळी दिसली, आणि उठल्यावर कुत्र्यांना नवे शब्द जास्त चांगले जमले. ज्या घरात आजी "बस", नातू "सिट" आणि बाबा "ए, खाली बस की रे" म्हणतात, त्यांनी आधी एक शब्द ठरवावा. संध्याकाळी सातच्या सुमारास फुटाणा घरभर गोल गोल सुटतो, सोफ्याचं कव्हर फाडतो, तेव्हा बहुधा त्याला व्यायाम नाही, झोप कमी पडलेली असते. रडवेल्या लेकराला जत्रेत नेत नाहीत.

काकांच्या फटक्यांबद्दल. पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास 2020 साली 'प्लॉस वन'मध्ये आला. झटके देऊन, ओरडून शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांच्या लाळेत धड्यानंतर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त वाढलेलं आढळलं. ते वारंवार ओठ चाटत, जांभया देत. पुढे त्यांना एका बाजूची वाटी भरलेली आणि दुसऱ्या बाजूची रिकामी असते, हे शिकवलं आणि मग मधोमध एक वाटी ठेवली. सर्वाधिक शिक्षा होणाऱ्या वर्गांतले कुत्रे तिच्याकडे रेंगाळत गेले, जणू ती रिकामीच असणार. मी काकांना हे वाटीचं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या वेळी कुत्रे असे नव्हते." असतील.

फुटाणा आता साडेनऊ महिन्यांचा आहे. परवा टेकडीवर मोर ओरडला, तो ताणून उभा राहिला, दोरी ताठ. मी म्हटलं, "ये." त्याने मोराच्या दिशेने पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे, मग पुन्हा मोराकडे. सात-आठ सेकंद गेले. मग तो वळला, दुडक्या चालीने आला, माझ्या शेजारून पुढे गेला आणि माकडटोपीवाल्या आजोबांसमोर जाऊन बसला.