कुडलचा ‘मठ’ आणि तुळईवरची ओळ

थंडी सुरू झाली, ऊन अंगाला बरं वाटू लागलं की सोलापूरकर विजापूर रस्त्याने निघतात. मंद्रूप मागे टाकून, टाकळीकडून आत वळून हत्तरसंग कुडल. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कुठे निघालात विचारलं तर बरेच जण सांगतात, “जुना मठ बघायला.” तिथे पोहोचल्यावर मात्र दिसतात ती दोन देवळं, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. समोर भीमा-सीनेचा संगम, पलीकडच्या काठाला कर्नाटक.

मठ आला तो नावाच्या घोळातून. कन्नडमध्ये ‘कूडु’ म्हणजे मिळणं, आणि ‘कूडल’ म्हणजे नद्या मिळतात ती जागा. आपण ‘कुडल संगम’ म्हणतो तेव्हा खरं तर संगम संगम म्हणत असतो. असंच दुसरं कूडलसंगम बागलकोट जिल्ह्यात आहे, कृष्णा आणि मलप्रभेच्या काठी. १२व्या शतकात बसवेश्वर शिकले ते तिथे, शैव आचार्यांच्या मठात. त्यांच्या वचनांत, म्हणजे छोट्या कन्नड भक्तिरचनांत, येणारा ‘कूडलसंगमदेव’ तोच. आपले सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर त्याच काळातले, पण त्यांच्या वचनांतली मुद्रा, म्हणजे ओळखीसाठी घातलेलं देवाचं नाव, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अशी आहे. दोघांचा काळ एक, दोन्ही गावांचं नाव सारखं, दोन्हीकडे नद्यांचा संगम. त्यामुळे तिकडचा मठ इकडे यायला फार वेळ लागला नसावा. देवळाच्या पायरीवर बसून मुलांना “बसवेश्वर इथेच शिकले” असं सांगणारे आजोबा मी स्वतः ऐकले आहेत. त्यांना अडवायचा धीर झाला नाही.

१९५६ पर्यंत विजापूर आणि सोलापूर एकाच मुंबई राज्यात होते. राज्य पुनर्रचनेनंतर इथे भीमा ही हद्द झाली, आणि नदीकाठच्या प्रत्येक दगडाची भाषा कोणती हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा झाला.

कुडलमधला असा वादाचा दगड म्हणजे संगमेश्वराच्या सभामंडपातली तुळई. तिच्यावरच्या लेखात शके ९४० आहे, म्हणजे इ. स. १०१८. राज्य चालुक्यांचं, गादीवर दुसरा जयसिंह. दरबारात कन्नड आणि संस्कृत. आणि याच लेखात मराठीची एक ओळ: ‘वाछि तो विजेया होइवा’. जो वाचील तो विजयी होईल, असा तिचा अर्थ लावतात.

ही ओळ कुठे कुठे ‘वांछितो विजयी होईवा’ अशीही छापलेली दिसते. एका अनुस्वाराने ‘वाचणे’ जाऊन ‘वांछा’ येते आणि वाक्य लंगडं होतं, कारण वांछितो तर काय वांछितो? मला पहिलं वाचन पटतं. लेख कोरणाऱ्याला तो वाचणारा माणूस हवा असतो, आणि वाचणाऱ्याला आशीर्वाद देणं ही त्याची साधी युक्ती.

खरी हाणामारी आहे ती ‘आद्य’ या शब्दावर, म्हणजे मराठीचा पहिला लेख कोणता यावर. आमच्या पाठ्यपुस्तकात पहिलं मराठी वाक्य श्रवणबेळगोळचं होतं, ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. गोमटेश्वराची मूर्ती १०व्या शतकाच्या अखेरची, म्हणून पायाशी कोरलेली ओळही तेव्हाची असं धरलं गेलं. पण त्या ओळीत साल नाही. शेजारची ‘गंगराजें सुत्ताले करवियलें’ ही ओळ १२व्या शतकातली आहे, आणि दोन्ही एकाच वेळी कोरल्या असाव्यात असं मानणारे अभ्यासक आहेत. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ चा मानला तर कुडल सहा वर्षांनी मागे पडतं. मात्र अक्षीच्या शकाच्या वाचनावर एकमत नाही. कुडलचा आकडा लेखातच आहे. त्यामुळे सोलापूरकर ‘निश्चित साल असलेला पहिला’ असं म्हणतो. मीही म्हणतो, आणि यात थोडं गावचं प्रेम आहे हे कबूल करतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून या वादाला पुन्हा धार आली आहे.

या भांडणात हरिहरेश्वर मागे पडतो, हे वाईट. बराचसा मातीखाली गेलेला हा भाग १९९९ मध्ये सोलापुरातल्या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून मोकळा केला. आत हरी आणि हर यांची वेगळी गर्भगृहं, आणि गोलाकार खांबांचा, मधोमध आभाळाला उघडा असा स्वर्गमंडप. दुपारी बाराच्या सुमाराला तिथे उन्हाचा गोल फरशीवर पडतो आणि बघता बघता सरकतो. याच मातीतून बहुमुखी शिवलिंग वर आलं. त्याच्यावर ३५९ मुखं आहेत, आणि लिंग स्वतः धरून ३६० असा हिशेब सांगतात. ओळीने कोरलेल्या या मुखांवर बोट ठेवत मोजायला लागलं की चाळिसाच्या आसपास हमखास चुकतं.

तुळईवरची ओळ बघायची तर भर दुपारचं ऊन उपयोगाचं नाही, बाहेर लख्ख उजेड आणि मंडपात अंधार. मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरायचा. मग खाचेत सावली भरते आणि ‘वा’ पहिल्यांदा दिसतो. अक्षरं उठून दिसावीत म्हणून कुणी त्यात खडू भरत असेल तर भरू देऊ नका.