चक क्लोज यांचे चौकटीतले व्यक्तिचित्रण

छायाचित्रावर चौकोनांची जाळी आखायची, तीच जाळी मोठ्या मापात कॅनव्हासवर उतरवायची आणि एकेक चौकोन रंगवत चेहरा पुरा करायचा, ही अमेरिकन चित्रकार चक क्लोज (१९४०–२०२१) यांची पद्धत. चित्र मोठे करण्यासाठी चौकटी आखण्याची युक्ती शतकानुशतके जुनी. काम झाले की रेघा दिसेनाशा करत. क्लोज यांनीही आधी तेच केले. पुढे मात्र त्यांनी ही जाळी चित्रात उघडी ठेवली.

मिनीॲपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमधले ‘बिग सेल्फ-पोर्ट्रेट’ (१९६७–६८) पावणेतीन मीटर उंच आहे. त्यात पातळ काळा ॲक्रिलिक रंग एअरब्रशने फवारला आहे; उजेड म्हणून दिसतो तो कॅनव्हासचाच पांढरेपणा. ‘मार्क’ (१९७८–७९) मध्ये रंगीत छपाईप्रमाणे सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे तीनच रंग एकावर एक चढवले आहेत. हे काम चौदा महिने चालले. ‘फॅनी’ (१९८५) हे पत्नीच्या आजीचे चित्र तर बोटांच्या ठशांनीच उभे केले आहे. कुंचल्याचा फटकारा मिरवण्याची हौस इथे कुठेच नाही.

डिसेंबर १९८८ मध्ये पाठीच्या कण्यातील रक्तवाहिनीच्या विकारामुळे त्यांना पक्षाघात झाला. त्यानंतर ते हाताला कुंचला बांधून रंगवत. प्रत्येक चौकोनात रंगीत कडी, ठिपके, लंबगोल भरण्याची त्यांची शैली या आजारातून जन्मली असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. ‘लुकास’ (१९८६–८७) पाहावे. ती दिशा आधीच पक्की झाली होती. जवळून बघताना या चौकोनांत ना नाक सापडते ना डोळा. दहा-बारा पावले मागे गेले की माणूस ओळखू येतो. खुद्द क्लोज यांना चेहरे लक्षात न राहण्याची व्याधी होती. छायाचित्रात किंवा चित्रात सपाट झालेला चेहरा मात्र आपल्या लक्षात राहतो, असे ते सांगत.

बहुतेक चेहरे समोरून, भावरहित, ओळखपत्रावरच्या फोटोसारखे. काहींना ते थंड वाटतात, आणि ती तक्रार अगदीच निराधार नाही. २०१७ मध्ये त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले. २०१८ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने ठरलेले प्रदर्शन थांबवले. २०१७ मध्येच न्यूयॉर्कच्या ८६व्या रस्त्यावरील भुयारी रेल्वेस्थानकात त्यांची बारा चित्रे भिंतींवर आली, काही मोझेकमध्ये तर काही फरश्यांवर.