उठ-बस चाचणी

खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पुन्हा पुन्हा उठायला लावून पायांच्या स्नायूंची कार्यक्षमता अजमावण्याची भौतिकोपचारातील चाचणी. ‘चेअर स्टँड टेस्ट’ या नावाने ती अधिक परिचित आहे. पाच वेळा उठायला लागलेला वेळ मोजणे आणि ३० सेकंदांत किती वेळा उठता येते ते मोजणे, असे तिचे दोन प्रकार रूढ आहेत.

उठण्याच्या वेळेवरून पायांचे बळ ठरवण्याची पद्धत सामान्यतः १९८५ मधील एका अमेरिकन लेखापर्यंत मागे नेली जाते. त्यात दहा वेळा उठण्याचा वेळ घेतला होता. पाच वेळांचा प्रकार १९९४ पासून गुरालनिक व सहकाऱ्यांच्या एसपीपीबी (शॉर्ट फिजिकल परफॉर्मन्स बॅटरी) या शारीरिक क्षमतेच्या चाचणीसंचामुळे रुजला. ३० सेकंदांचा प्रकार रिक्ली व जोन्स यांनी १९९९ च्या सुमारास पुढे आणला. पाच वेळा उठू न शकणाऱ्यांचीही त्यात नोंद होते.

खुर्ची बिनहाताची, सुमारे ४३ सेंमी. उंच आणि भिंतीला टेकवलेली असावी. रुग्णाने मध्यावर बसून पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत व हात छातीवर दुमडावेत. गुडघे पूर्ण सरळ झाले तरच उठणे मोजतात. एसपीपीबीमध्ये घड्याळ पाचव्यांदा उभे राहताच थांबते, काही पद्धतींत पुन्हा बसल्यावर. या दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिल्यास रुग्णात नसलेली सुधारणा किंवा घसरण दिसते. खुर्ची बुटकी असेल तर गुडघ्यावरचा टॉर्क (सांधा फिरवणारा जोर) वाढतो. म्हणून प्रत्येक वेळी तीच खुर्ची वापरावी.

ही चाचणी नेमके काय मोजते, याविषयी मतभेद आहेत. ज्येष्ठांमध्ये ३० सेकंदांच्या चाचणीचा लेग प्रेसवरील (पायांनी वजन ढकलण्याच्या यंत्रावरील) बळाशी सहसंबंध ०.७ ते ०.८ च्या दरम्यान आढळला आहे. त्याचा वर्ग घेतला, तर गुणांतील निम्म्यापासून सुमारे दोन-तृतीयांश फरकच बळाशी जोडता येतो. लॉर्ड व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तोल, संवेदना, वेग आणि मनःस्थिती यांचाही वाटा दाखवला. शिवाय हे नाते सरळ रेषेचे नसावे. चालण्याच्या वेगाबाबत बुकनर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वक्र संबंध मांडला : दुर्बल व्यक्तीत थोडे बळ वाढले तरी वेग सुधारतो, सशक्त व्यक्तीत तेच बळ राखीव साठ्यात जमा होते. उठण्यालाही हेच लागू धरणे अधिक सयुक्तिक वाटते. हाताने रोध देऊन ० ते ५ श्रेणी देण्याच्या पद्धतीची मर्यादाही यातून स्पष्ट होते. मांडीच्या पुढच्या स्नायूंना ५ श्रेणी मिळालेली व्यक्ती खुर्चीतून कष्टाने उठताना दिसू शकते, कारण तपासणाऱ्याचा हात त्या स्नायूंपुढे तोकडा पडतो.

बळापेक्षा शक्ती, म्हणजे बळ किती वेगाने लावले जाते, ती मोजावी असा पक्ष अलीकडे प्रबळ आहे. २०१८ मध्ये अल्काझार व सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्रात वजन (किग्रॅ.) × ०.९ × ९.८१ × (उंचीचा अर्धा भाग − खुर्चीची उंची, मीटरमध्ये) या गुणाकाराला एका उठ-बशीच्या निम्म्या वेळेने भागतात. ६० किग्रॅ. वजनाच्या, १.६० मी. उंचीच्या व्यक्तीला ०.४३ मी. उंच खुर्चीवर पाच उठ-बशांना १२ सेकंद लागले, तर शक्ती सुमारे १६३ वॅट येते. १५ सेकंद लागले तर सुमारे १३१.

नुसता वेळ फसवू शकतो. गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर रुग्ण चांगल्या पायावर भार टाकून बऱ्या वेळेत उठतो आणि शस्त्रक्रिया झालेल्या पायाचा अशक्तपणा झाकला जातो. दोन पायांखाली दोन वजनकाटे ठेवले की फरक दिसतो. मांडीचे पुढचे स्नायू दुबळे असतील तर धड जास्त पुढे झुकते आणि भार खुब्याच्या स्नायूंवर जातो; हे बाजूने पाहावे.

वयानुसार होणाऱ्या स्नायुक्षयाच्या (सार्कोपेनिया) तपासणीत पाच उठ-बशांसाठी युरोपीय तज्ज्ञगट १५ सेकंदांहून अधिक, तर आशियाई तज्ज्ञगट (२०१९) १२ सेकंद वा अधिक वेळ ही सीमा मानतो. भारतीय रुग्णांसाठी दुसरी अधिक जवळची आहे. मांडी घालून वा उकिडवे बसणाऱ्यांच्या बाबतीत जमिनीवरून उठण्याची चाचणी जोडणे योग्य. तीत बसण्याला ५ व उठण्याला ५ गुण असतात. हात, गुडघा अशा प्रत्येक आधारासाठी १ आणि तोल डळमळल्यास अर्धा गुण वजा होतो.